वालावरची फवारणी : आधी काय, मग काय

थंडी पडली की वाल, पावटा आणि घेवड्याची पत्रं वाढतात. त्यांतली पाच यंदा निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण मुंबईत राहून गावची शेती सांभाळणाऱ्या बहुतेकांना तोच प्रश्न पडतो, आणि त्यावर दुकानात जो सल्ला मिळतो तो मला घातक वाटतो.

प्रश्न : ताई, मी घाटकोपरला राहतो. पेणजवळ आमची एकरभर जमीन आहे. भात कापला की तिथे वाल आणि थोडा पावटा टाकतो, मेहुणे बघतात. गेल्या वर्षी फुलं जाळ्यात गुंडाळली जाऊन गळाली, शेंगांना भोकं पडली. यंदा दुकानदाराने बिव्हेरियाची पावडर, सायपरमेथ्रिनची बाटली आणि मॅन्कोझेबचं पाकीट दिलं आणि म्हणाला, सगळं एकाच पंपात मारा, जैविक-रासायनिक दोन्हींचा जोर मिळेल आणि मजुरीही वाचेल. तसं करावं का?

उत्तर : नाही, तसं करू नका.

बिव्हेरिया ही किडीला मारणारी बुरशी आहे आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. दोन्ही एका पाण्यात पडली की बुरशीचे बीजाणू शेतात पोचण्याआधी पंपातच मरायला लागतात. मॅन्कोझेब अळीवर चालत नाही, म्हणजे उरली सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची बाटली. म्हणजे पैसे तिघांचे गेले आणि काम एकानेच केलं. दुकानदार बऱ्याचदा बाटलीत थोडं थोडं मिसळून दाखवतात आणि ‘बघा, फाटत नाही’ म्हणतात. मिश्रण फाटलं नाही म्हणून आतली बुरशी जिवंत आहे असं होत नाही. ते नुसत्या डोळ्यांनी कळायची सोयच नाही.

शिवाय मिश्रणाचा धोका माणसालाही आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळण्याची सवय हा तेव्हा पुढे आलेल्या कारणांपैकी एक मुद्दा होता. पंप मेहुणे पाठीवर घेणार आहेत. त्यांना हे जरूर सांगा.

आता तुमची कीड. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती मारुका, म्हणजे ठिपक्यांची शेंगा पोखरणारी अळी वाटते. खात्री करून घ्या. गुंडाळलेला फुलांचा गुच्छ बोटांनी हळूच उकला. आत पांढरट-हिरवट, जरा पारदर्शक अळी असेल आणि तिच्या पाठीवर काळपट ठिपक्यांच्या जोड्या दिसतील. शेंगेच्या भोकाशी ओलसर विष्ठा साठलेली असेल. घाटे अळीची तऱ्हा वेगळी, ती जाळं करत नाही. डोकं शेंगेत आणि मागचं अंग बाहेर ठेवून खाते. उघड्यावर असल्यामुळे तिच्यावर फवारा पोचतो. मारुका जाळ्यात बसली की जैविक असो वा रासायनिक, कुठलंच औषध तिच्यापर्यंत नीट जात नाही. तिला गाठायचं ते कळ्या लागताना, अंड्यातून निघालेली बारीक अळी अजून जागा शोधत असते तेव्हा. भोकं दिसल्यावर मारलेलं औषध शेंगेवर बसतं आणि तुमच्या ताटात येतं.

माझं माहेर पेण तालुक्यातलंच आहे, त्यामुळे वालाच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. वाल दोन तऱ्हांनी घरात येतो. एक हिरव्या शेंगा, भाजीला आणि जानेवारीत पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर घालायला. दुसरा वाळवलेला वाल, बिरड्यासाठी. हिरव्या शेंगा तीन-चार दिवसांआड तोडल्या जातात. वाळवायचा वाल एकदाच काढतात. रासायनिक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस जायला हवेत ते छापलेलं असतं. ते दिवस तोडणीच्या अंतरापेक्षा जास्त असतील तर त्या शेंगा विकायच्या नाहीत आणि खायच्याही नाहीत. वालावर जैविक आणि रासायनिक यांची सांगड घालायची ती या हिशेबाने. पंपात एकत्र करून नाही, पिकाच्या वयाप्रमाणे वाटून. फुलाआधी रसायन लागलं तर एखाद्या वेळेला, फुलापासून पुढे हिरव्या शेंगांच्या तुकड्यात फक्त जैविक.

मग क्रम कसा ठेवायचा? बियाण्यापासून सुरुवात करा. बीजप्रक्रियेत आपण ही सांगड फार वर्षांपासून घालत आलो आहोत. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सावलीत सुकलं की पेरणीच्या तोंडावर रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू. जिवंत जिवाणू सगळ्यांत शेवटी. बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरणार असाल तर रासायनिक बुरशीनाशक लावूच नका.

रोपं वितभर झाली की मावा आणि तुडतुडे येतात. मळभ आलं की मावा आलाच, हे आपल्याकडे पोरंही सांगतात. पण तीच दमट हवा आणि पहाटेचं दव बुरशीलाही मानवतं. त्या आठवड्यात संध्याकाळी लेकॅनिसिलियम ही माव्याला मारणारी बुरशी (दुकानात व्हर्टिसिलियम या जुन्या नावाने मागा) लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात फवारा. किंवा ५ टक्के निंबोळी अर्क : ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवायचा, फडक्याने गाळायचा आणि पाणी घालून १०० लिटर करायचं. पानाला चिकटावं म्हणून थोडा साबणाचा चुरा. एवढं करूनही मावा आटोक्यात आला नाही तर फुलं लागायच्या आधी एकदा रासायनिक औषध मारायला माझी हरकत नाही. मात्र लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते पाहा. तुरीची आणि भेंडीची औषधं वालावर सर्रास मारली जातात. ती तशी मारू नयेत.

कळ्या दिसायला लागल्या की बीटी. इथे बीटी म्हणजे कापसाचं बियाणं नव्हे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर. अळीने ती खावी लागते. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो, त्यात जिवाणूतलं प्रथिन विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. अळी काही तासांत खाणं थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस घेते. इथेच बरेच जण घाई करतात. दुसऱ्या दिवशी अळी झाडावर दिसली की ‘जैविकने काही झालं नाही’ म्हणून बाटली उघडतात. अळी हलते का हे बघू नका, ती खाते आहे का ते बघा. पान आणि कळी जशीच्या तशी असेल तर बीटीचं काम चालू आहे. उन्हात हा जिवाणू टिकत नाही आणि मारुका खाते ती मुख्यतः रात्री, म्हणून फवारा संध्याकाळीच घ्या आणि कळ्यांच्या गुच्छांवर घ्या. आठवड्याने पुन्हा एकदा.

घाटे अळीही असेल तर तिचा खास विषाणू मिळतो, एचएएनपीव्ही नावाने. हेक्टरी २५० एलई (पुड्यावर छापलेलं विषाणूचं माप) ही त्याची नेहमीची मात्रा. त्यालाही उन्हाचं वावडं आहे, म्हणून आपले शेतकरी त्या पाण्यात कपड्यांना घालायची नीळ टाकतात, आणि ते बरोबर आहे. या विषाणूने मेलेली अळी झाडाच्या शेंड्याला उलटी लोंबते आणि फुटते. तो द्रव विषाणूने भरलेला असतो. तशा अळ्या काढून फेकू नका.

राहिला वाळवायचा तुकडा. तिथे अळी हाताबाहेर गेली तर प्रतीक्षेचे दिवस पाळून रासायनिक फवारणी करता येते, पण सायपरमेथ्रिनपासून सुरुवात करू नका. पायरेथ्रॉइड गटातली औषधं अळीबरोबर अळी खाणाऱ्यांनाही मारतात आणि मागाहून लाल कोळी आणि पांढरी माशी डोकं वर काढतात. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलसारखी औषधं अळ्यांवर चालतात आणि परोपजीवी गांधीलमाशांना बरीच सौम्य असतात. एका हंगामात एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा नको. रासायनिक आणि बुरशीजन्य फवारणीत आठवडाभराचं अंतर ठेवा आणि जैविकासाठी पंप वेगळाच ठेवा. रसायनाचा पंप कितीही धुतला तरी नळीत काहीतरी राहतं.

प्रश्न : मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरीच्या ग्रिलवर वालपापडीचा वेल चढवला आहे. कोवळ्या शेंड्यांवर काळे किडे चिकटून बसलेत, मुंग्याही खूप आहेत. घरात झुरळांचा स्प्रे आहे, तो मारू का? की त्यात निमतेल मिसळून मारू?

उत्तर : झुरळांचा स्प्रे झाडावर अजिबात नको. तो फरशीच्या फटींसाठी बनवलेला असतो, त्याने पानं जळतात आणि खायच्या वेलावर तो मारणं धोक्याचं आहे. निमतेल मिसळल्याने तो सौम्य होत नाही.

हा काळा मावा आहे. तो गोड चिकटा टाकतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि मोबदल्यात माव्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. वेल जिथे ग्रिलला आणि भिंतीला टेकतो तिथून त्या चढतात. मग सकाळी नळीच्या जोरदार पाण्याने शेंडे धुऊन काढा, खालून हाताचा आधार देऊन. कोवळ्या शेंड्यावरून खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. हे दोन-तीन दिवस करा.

फवारण्याआधी भिंग घेऊन एकदा नीट बघा. काळी, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी माव्यात फिरताना दिसली तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं. काही मावे फुगून तपकिरी झालेले आणि जागचे हलत नसतील तर त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढते आहे. लवकरच ती पाठीला गोल भोक पाडून बाहेर येईल. केसासारख्या दांडीवर टोकाला एकेक पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे मावा खाणाऱ्या किड्याचं. यांपैकी काहीही दिसलं तर त्या फांदीवर काही मारू नका, पाणीसुद्धा.

काहीच दिसलं नाही आणि मावा वाढतच असेल तर निमतेल लिटरला ५ मिली, त्यात आधी थोडा सौम्य द्रवसाबण घोटून, संध्याकाळी फवारा. खालच्या मजल्यावरच्या दोऱ्यांवर कपडे वाळत असतील तर आधी त्यांना सांगा.

प्रश्न : मी अंधेरीचा, कॉलेजात शिकतो. जैविक उपाय इतके चांगले असतील तर रासायनिक पूर्ण बंदच का करत नाही? तुम्ही दोन्हींचा सल्ला देता हे मला पटत नाही.

उत्तर : तुमची तळमळ मला समजते आणि ती असावी. तरी मी दोन्हींचा सल्ला देते, कारण ज्या माणसाचं वर्षाचं पीक तीन आठवड्यांत जातं त्याला ‘थांब, निसर्ग सांभाळेल’ असं सांगायची माझी हिंमत होत नाही.

हा विचार माझा नाही. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात लसूणघासावर ठिपक्यांचा मावा आला. शेतकऱ्यांनी जबर औषधं मारली. मावा त्यांना पुरून उरला आणि ढालकिडे मात्र मेले. तेव्हा स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हॅगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. माव्याला पुरेल पण ढालकिड्यांना आणि गांधीलमाशांना जगू देईल असं औषध कमी मात्रेत आणि गरज असेल तेव्हाच. १९५९ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि आर्थिक नुकसानीची पातळी ही कल्पना तिथे नीट बांधली गेली. किडा दिसला म्हणून फवारायचं नाही, त्याच्यामुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठं होणार असेल तर फवारायचं. आपल्याकडे हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरला घाटे अळीच्या एक-दोन अळ्या दिसल्या तर उपाय करा असं सांगतात, ते त्याच विचारातून.

जैविक आणि रासायनिक यांची प्रत्यक्ष जोडीही जमते, फक्त ती किडा ओळखून जमवावी लागते. वाळवीचं उदाहरण घ्या. वाळवी एकमेकींना चाटून स्वच्छ ठेवते, त्यामुळे अंगावर पडलेले बुरशीचे बीजाणू रुजायच्या आत निघून जातात. इमिडाक्लोप्रिडची मारणार नाही इतकी बारीक मात्रा दिली की वाळवी सुस्तावते, चाटणं थांबतं आणि बुरशी अंगात शिरते. तिथे रसायनाने जैविकाला दार उघडून दिलं. आता हेच शेंगेतल्या अळीवर लावून बघा. बीटी खाल्ल्याशिवाय चालत नाही आणि निमअर्काने अळीची भूक मंदावते. दोन्ही जैविक, दोन्ही गुणी, पण एकत्र मारली तर एक दुसऱ्याच्या आड येऊ शकतं. म्हणून मी त्यांच्यातही काही दिवसांचं अंतर ठेवायला सांगते. प्रश्न जैविक की रासायनिक एवढाच नसतो. कोणतं औषध कोणत्या वाटेने किड्याच्या अंगात जातं, हे कळलं की पुढचं ठरवता येतं.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. काही रसायनं वापरातून जायलाच हवीत. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे २००५ पासून बंदी आहे. ते वालावर मारलेलं दिसलं तर गप्प बसू नका.

प्रश्न : वसईला वाडीत चवळी आणि घेवडा लावतो. ‘जैविक’ लिहिलेलं औषध आणलं, दोन तासांत सगळे किडे खाली पडले. पुन्हा तेच आणू का?

उत्तर : आणू नका. जिवाणू, बुरशी, विषाणू यांतलं कोणतंही औषध दोन तासांत किडे पाडत नाही. बाटलीत रसायन मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते कोणतं हे माहीत नसल्याने शेंगा कधी तोडायच्या हेही ठरवता येत नाही. या वेळच्या शेंगा बाजारात नेऊ नका.

पुढच्या वेळी पुड्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, जिवाणूचं किंवा बुरशीचं पूर्ण नाव, ग्रॅममागे जिवंत बीजाणूंची संख्या आणि वापराची अंतिम तारीख बघा. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेला पुडा घेऊ नका, आतलं बरंच मेलेलं असू शकतं. तालुका कृषी कार्यालयात कीटकनाशक निरीक्षक असतात. उरलेली बाटली आणि पावती घेऊन त्यांच्याकडे जा.

प्रश्न : दादरला राहते. दर वर्षी गावाहून वाल येतो आणि पावसाळ्यापर्यंत भोकं पडतात. शेजारच्या काकू गव्हात ठेवायच्या गोळ्या देतो म्हणाल्या. ठेवू का?

उत्तर : कृपा करून ठेवू नका. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील तर हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत. त्या गोळ्या घरात वापरायच्या नसतातच, गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायच्या असतात. काकूंनाही हे आजच सांगा.

भुंगे डब्यात शिरतात असं वाटतं, पण बऱ्याचदा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घातलेली असतात. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके दिसले तर तीच अंडी. म्हणून वाल आला की लगेच कामाला लागा. गच्चीत कडक ऊन मिळत असेल तर पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा, गार झाल्यावरच डब्यात भरा. मग किलोला ५ मिली गोडं तेल हाताने चोळा. तेलाने अंडं दाण्याला नीट चिकटत नाही आणि चिकटलेलं गुदमरतं. बिरडं करताना मोड आणून सालं काढायचीच असतात, त्यामुळे तेलाचा त्रास नाही.

ऊन मिळत नसेल तर फ्रीझर. एकेक किलोच्या पिशव्या घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी आणि आतल्या अळ्या दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद राहू द्या, दाणे खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गार दाण्यांवर मुंबईच्या हवेतलं पाणी लगेच जमतं आणि मग भुंगे गेले तरी वाल बुरसतो.